भाऊ गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघतो : ओसीडीसाठी नेमका मानसशास्त्रज्ञ कसा शोधायचा?

रानजाई | ११ जून, रात्री ११.४०

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरातली गोष्ट आहे, त्यामुळे एकदोन तपशील बदललेत.

धाकटा भाऊ, वय २७. त्याला ओसीडी आहे, म्हणजे नको असलेला विचार सारखा मनात येतो आणि तो शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. (हो, आम्हीही हसून घेतलंय त्यावर.) सकाळी सव्वासातला घरातून निघतो, दत्तमंदिराच्या कोपऱ्यापर्यंत जातो, गाडी वळवतो आणि परत येतो. गॅस बघायला. शेगडीची दोन्ही बटणं, मग सिलिंडरचा रेग्युलेटर, मग पुन्हा बटणं. मध्ये कोणी हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. यावर त्यानेच एक तोडगा काढला, बटणांचा फोटो काढून न्यायचा. परवा त्याचा फोन हँग व्हायला लागला म्हणून साफ करायला माझ्याकडे दिला. गॅलरीत ३,८१२ फोटो, सगळे आमच्या शेगडीचे. कुठे मागे आईचा हात, कुठे लाटणं, कुठे उतू गेलेल्या दुधाचा डाग. इतकं असूनही कंपनीतून आईला फोन येतोच, "बंद आहे ना?" आई म्हणते, "हो रे राजा, बंद आहे." पाच मिनिटांनी परत रिंग.

दोन ठिकाणी दाखवून झालं. पहिल्या कौन्सेलर बाई ओळखीतून मिळाल्या. दीर्घ श्वसन शिकवलं, रोज दहा सकारात्मक वाक्यं वहीत लिहायला सांगितली. पठ्ठ्या ती वाक्यंही तपासायला लागला! एक काना वाकडा आला की पान फाडून पहिल्यापासून. दुसरे मानसशास्त्रज्ञ माणूस म्हणून फार चांगले होते. नऊ महिने, दर आठवड्याला बाराशे रुपये. बाबा गेले तेव्हा भाऊ चौदाचा होता, त्याबद्दल तो तिथे पहिल्यांदा मोकळेपणाने रडला. ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण गॅस जिथल्या तिथे. नंतर समजलं की त्यांचं मुख्य काम नवरा-बायकोच्या समुपदेशनाचं आहे.

तर प्रश्न असा, की "चांगला" मानसशास्त्रज्ञ आम्हाला मिळाला होता. "याच दुखण्यातला" कसा ओळखायचा? पाटीवर तर सगळेच सगळं लिहितात. डिप्रेशन, करिअर, पॅरेंटिंग, व्यसन, हस्ताक्षर.

टपरीवाला | १२ जून, सकाळी ७.०५

ताई, राग मानू नका, पण रिकामं मन म्हणजे सैतानाचं घर. पहाटे उठून पळायला लावा, सूर्यनमस्कार घाला म्हणावं. आमच्या वेळी असली नावंच नव्हती.

खडीसाखर | १२ जून, सकाळी ९.३०

टपरीवाले दादा, नावं नव्हती, पण माणसं होती. माझी आजी दिवसातून तीनदा विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायची, त्याला सगळे "कडक सोवळं" म्हणायचे. आणि रानजाईचा भाऊ शिफ्ट करतो, रिकामा कुठे आहे?

रानजाई, मी यातून गेलेय. माझं धुण्याचं होतं. दुधाची पिशवी भांडी घासायच्या साबणाने, मग तो साबण दुसऱ्या साबणाने. हाताची कातडी फुटून रक्त यायचं आणि सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या की सून फार स्वच्छ आहे. चार वर्षं आणि तीन समुपदेशक झाले. सगळ्यांनी प्रेमाने ऐकलं. दुसऱ्या बाईंनी तर "तुम्हाला भीती वाटली की मला मेसेज करा, मी सांगेन काही होणार नाही" अशी सोयच करून दिली. दिवसाला वीस मेसेज जायला लागले माझे.

चौथ्या ठिकाणी जायच्या आधी मात्र मी फोनवरच विचारलं, की पहिल्या दोन-तीन भेटींनंतर आपण नक्की काय करणार? त्या म्हणाल्या, "तुम्ही आणि मी मिळून लिफ्टचं बटण दाबू, आणि हात न धुता बिस्किट खाऊ." ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. आणि तेव्हाच कळलं, हिला माझं दुखणं माहीत आहे.

आबा_सोलापूरकर | १२ जून, दुपारी १.१५

वाचतोय. एक अडाणी शंका. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक ही तीन माणसं वेगळी की एकाच माणसाच्या तीन पाट्या?

मधली_सुट्टी | १२ जून, रात्री १०.२०

आबा, शंका अजिबात अडाणी नाही. निम्मे पेशंट तिथेच वाट चुकतात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मराठवाड्यात काम करते. या धाग्यावरून पेशंट घेणार नाही, त्यामुळे कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) नकोत. पण जरा लांबण लावते.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. ते डॉक्टर, एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले. औषध तेच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नव्हेत, ते मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यावर, बहुतेकांच्या बाबतीत, रुग्णालयात राबून केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. अशा वाटेने आलेले असतात. त्यांची नोंद १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असावी लागते. प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो आणि परिषदेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. फी विचारता तसा क्रमांकही विचारा, त्यात काही उद्धटपणा नाही. "समुपदेशक" हा शब्द मात्र आजवर कोणीही पाटीवर लिहीत आला. त्यांत उत्तम शिकलेले, वर्षानुवर्षं नेटाने काम करणारे लोक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून बसलेलेही आहेत. या मंडळींना नोंदणीच्या चौकटीत आणण्यासाठी २०२१ मध्ये वेगळा कायदा झाला आहे.

पण रानजाईचा प्रश्न याच्या पुढचा आहे. नोंदणी सांगते की माणूस शिकलेला आहे. तो कशात मुरलेला आहे हे नाही सांगत. मीच बघा. माझी नोंदणी पक्की आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला अक्षरं का लागत नाहीत याची चाचणी करायला कोणी माझ्याकडे आलं तर मी दुसरीकडे पाठवीन, कारण माझा हात त्यावर बसलेला नाही. हाडाचा डॉक्टर मोतीबिंदू काढत नाही, हे आपल्याला पटतं. मनाच्या बाबतीत मात्र "बोलायचंच तर आहे" असं वाटतं.

ओसीडीत नुसतं बोलणं उलटूही शकतं. यावर सगळ्यात जास्त तपासून पाहिलेली बोलण्या-करण्याची पद्धत म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली तिची पहिली मांडणी केली. ज्याची भीती वाटते त्याच्या समोर ठरवून, पायरीपायरीने जायचं, आणि भीती घालवायला जी कृती करतो ती करायची नाही. भावाच्या बाबतीत : बटण एकदाच बंद करायचं, पाठ फिरवायची, दार ओढायचं आणि जिन्यात उभं राहायचं. छाती धडधडेल. भीतीला शून्य ते शंभरपैकी आकडा द्यायचा. मागे वळायचं नाही. आकडा कधी खाली येतो, कधी येत नाही, पण "न बघताही मी कामावर जाऊ शकतो" हे अंगात भिनतं.

म्हणून फोनवर "तुम्ही ओसीडी बघता का?" असं विचारू नका. उत्तर "हो"च येणार. "ओसीडीसाठी तुम्ही काय करता?" असं उघडं विचारा आणि गप्प राहा. समोरून भीतीच्या पायऱ्या, तपासणं थांबवणं, घरच्यांना काय शिकवणार हे आपणहून आलं तर पुढे बोला. नुसतं रिलॅक्सेशन, मन शांत करणं, विचार थांबवणं, लहानपणात जाणं एवढंच आलं तर आभार मानून फोन ठेवा. असे पेशंट किती पाहिलेत, ईआरपी कोणाच्या देखरेखीखाली शिकलात, हेही विचारा. मला विचारतात, मला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबद्दल तेवढं कळलं म्हणायचं.

आणि रानजाई, आईंचं "हो रे राजा, बंद आहे" हेही त्या फोटोंसारखंच आहे. त्यांची चूक नाही, कोणतीही आई हेच म्हणेल. पण उपचारात आईंनाही बसवावं लागेल. जो तज्ज्ञ पहिल्या काही भेटींत घरच्यांबद्दल विचारणारच नाही, त्याच्याबद्दल मी जरा साशंक राहीन.

विवेकवादी_विनू | १३ जून, सकाळी ८.५०

ईआरपीच कशाला? आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी, मराठीत घरोघरी पोचवली. मला स्वतःला स्टेजवर बोलायची भीती होती, आरईबीटीने गेली. अविवेकी विचार पकडायचा, त्याला पुरावा मागायचा. गॅस चालू आहे याचा पुरावा काय? नाही ना? विषय संपला.

मधली_सुट्टी | १३ जून, दुपारी २.०५

विनू, तुमचा अनुभव खरा आहे आणि फडक्यांचं काम मोठंच आहे. लोक काय म्हणतील, मी नालायक आहे, अशा विचारांवर ती पद्धत फार उपयोगी पडते. मीही वापरते. पण रानजाईच्या भावाला "पुरावा काय" असं विचारलंत तर तो ३,८१२ फोटो दाखवेल. गॅस बंद आहे हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे त्याला आणखी एकदा तपासायला लावणं. तपासणी शेगडीवरून डोक्यात गेली, एवढाच फरक.

विवेकवादी_विनू | १३ जून, दुपारी २.३०

हम्म. हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो.

(या संस्थळावर कोणीतरी काहीतरी मागे घेतलं! तारीख लिहून ठेवा. — खडीसाखर)

अडाणी_अभियंता | १३ जून, रात्री ११.१०

मी बेंगळुरूत असतो. माझी केस वेगळी, पण ओसीडीच. माझ्या मनात घाणेरडे, हिंसक विचार यायचे. सुरी हातात घेतली की बहिणीच्या लेकराला काही करीन की काय असं वाटायचं. मी लेकराला उचलून घेणंच सोडलं होतं. पहिल्या ठिकाणी हे सांगितल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा बदलला. घरातल्या सुऱ्या लपवून ठेवा असं त्यांनी बहिणीला सांगितलं. त्यानंतरचे सहा महिने मी स्वतःला खुनीच समजत होतो. मग निम्हान्स या इथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेच्या ओसीडी क्लिनिकला गेलो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं नाही की भुवई उचलली नाही. म्हणाल्या, "हा विचार इथे रोज कोणीतरी सांगतं. ज्यांना या विचाराची इतकी किळस येते, त्यांनाच हा आजार हा विचार देतो." पुढे थेरपीत काय होतं विचाराल तर भाचा शेजारी खेळतोय आणि मी काकडी चिरतोय. बस्स.

तर ओळखण्याची माझी खूण ही. तुमच्या सगळ्यात लाजिरवाण्या वाक्यावर समोरच्याला आश्चर्य वाटलं नाही पाहिजे.

अजून एक. नाशिकमध्ये नाही मिळालं तर ऑनलाइनला घाबरू नका. माझा उलट अनुभव आहे. मला भीती स्वयंपाकघराची होती आणि क्लिनिकमध्ये कुठलं स्वयंपाकघर? नंतरची सेशन्स मी फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून केली. तुमच्या भावाची शेगडी तर घरीच आहे.

थेम्सकाठ | १४ जून, रात्री १.४५

इंग्लंडात राहणाऱ्या कोणाला उपयोग झाला तर : एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीजकडे जीपीशिवाय, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, स्वतःच नाव नोंदवता येतं. पण यादीत नाव लागलं तरी ओसीडी म्हणून स्पष्ट लिहा, नुसतं "अँग्झायटी" लिहू नका. मी तसं लिहिलं आणि काळजी कशी कमी करावी याच्या वर्गात जाऊन बसले. त्यात आणखी भर म्हणजे मला माझी भीती इंग्रजीत सांगताच येईना. "विटाळ"ला काय म्हणणार? शेवटी तो शब्द तसाच मराठीत वापरायचा असं थेरपिस्टशी ठरलं, आणि तोही छान उच्चारायला लागला.

आबा_सोलापूरकर | १४ जून, सकाळी ६.३०

सगळं ठीक, पण बाराशे रुपये आठवड्याला सगळ्यांनी कुठून आणायचे? निवृत्त माणूस म्हणून विचारतो.

मधली_सुट्टी | १४ जून, रात्री ९.१५

रास्त प्रश्न आहे, आबा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. तिथे ईआरपी होणार नाही, पण तुमच्या जवळ सरकारी सोय काय आहे हे कळतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि "मनोरुग्णालय" या शब्दाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात तुमच्या-आमच्यासारखेच लोक केसपेपर हातात घेऊन बसलेले असतात. ज्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते विचारा. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करते आहे, तिथेही चौकशी करता येईल.

औषधाचंही सांगते. ओसीडीत एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण डोस बहुधा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि परिणाम कळायला दहा-बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. ते सायकिअॅट्रिस्टशी बोलून ठरवायचं.

रानजाई | २२ जून, रात्री १०.५०

अपडेट देते. पाच ठिकाणी फोन केले. वहीत एकच प्रश्न लिहून ठेवला होता, "ओसीडीसाठी तुम्ही काय करता?"

पहिल्यांनी विचारलं की पेशंटची रास कोणती. दुसऱ्यांकडे रिसेप्शनिस्टने "सर सगळं करतात" असं सांगितलं, सरांशी बोलणं झालंच नाही. तिसऱ्या बाई एकदम सरळ होत्या. "हे माझं क्षेत्र नाही, मी किशोरवयीन मुलांबरोबर काम करते, पण पुण्याच्या एकींचं नाव देते." त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. चौथ्यांना प्रश्न आवडला नाही. "तुम्ही नेटवर वाचून आलात का?" हो, वाचूनच आले.

पाचव्या म्हणजे पुण्याच्याच त्या. फोनवर पंधरा मिनिटं बोलल्या. एम.फिल. कुठून केलं, ईआरपी कोणाच्या हाताखाली शिकल्या ते न विचारता सांगितलं, क्रमांक मी साइटवर पाहिला. शेवटी त्यांनीच मला विचारलं, "फोटो काढतो का?" मी अजून त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

पहिली भेट प्रत्यक्ष, पुढच्या व्हिडिओवर. पहिल्याच दिवशी ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणारी, दहा प्रश्नांची येल-ब्राउन नावाची पट्टी भरून घेतली. आकडा जितका मोठा, तितका त्रास जास्त. ४० पैकी २७. आकडा बघून भावाला बरं वाटलं, हे मला गमतीदार वाटलं. म्हणाला, "म्हणजे हे मोजता येतं."

टपरीवाला | २३ जून, सकाळी ६.५५

ताई, आधी बोललो त्याबद्दल माफी. घरात हिला दाखवला हा धागा. हिच्या भावाचं तंतोतंत असंच आहे, कुलुपाचं. अकोल्याकडे कोणी माहीत आहे का?

मधली_सुट्टी | २३ जून, रात्री ८.४०

नाव उघड नको. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मनोविकार विभागात आधी दाखवा आणि तोच प्रश्न तिथेही विचारा. आणि पळायला लावू नका. म्हणजे पळू दे, पण उपचार म्हणून नव्हे :)

खडीसाखर | १८ सप्टेंबर, दुपारी ४.१०

धागा वर काढतेय. रानजाई, आहेस का? भाऊ कसा आहे?

रानजाई | १९ सप्टेंबर, रात्री ११.२५

आहे गं. टंकायचा कंटाळा.

अकरा सेशन्स झाली. मध्ये दोन आठवडे फार वाईट गेले, गणपतीत. घरात पाहुणे, शेगडी दिवसभर चालू, याने आईशी भांडण काढलं आणि एक सेशन बुडवलं. बाईंनी त्यावर काही ऐकवलं नाही, पुढच्या वेळी एक पायरी खाली येऊन पुन्हा सुरुवात केली. सायकिअॅट्रिस्टकडूनही गोळी चालू आहे. गेल्या आठवड्यात पट्टी पुन्हा भरली, १७ आले.

सगळ्यात अवघड आईचं गेलं. तिला शिकवलंय की "बंद आहे ना?" असा फोन आला की "तुला काय शिकवलंय ते आठव, मी ठेवते" एवढंच म्हणायचं. पहिल्या दिवशी फोन ठेवून ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. आता म्हणते, "मी ठेवते," आणि ठेवते. एकदा तर घाईत बाजारातल्या भाजीवाल्यालाही तेच म्हणाली.

दत्तमंदिराच्या कोपऱ्यावरून गाडी वळत नाही आता. कोपऱ्यावर थांबतो जरा, आरशात बघतो, आणि जातो.

अडाणी_अभियंता | २० सप्टेंबर, सकाळी ८.००

वा! आणि ते ३,८१२ फोटो? डिलीट?

रानजाई | २० सप्टेंबर, रात्री ९.३५

नाही अजून. ती नववी पायरी आहे. आम्ही सहावीवर आहोत.